चोचींची फुली

वर्क फ्रॉम होममुळे सेनगावात घरी होतो तेव्हाची गोष्ट. मे महिना. स्टँडअप साडेदहाला, म्हणून पहाटे बाइक काढून येलदरीच्या बॅकवॉटरला जायचो. उन्हाळ्यात पाणी मागं सरकतं, उथळ डबकी उरतात, त्यांत शेकाटे उतरतात. काड्यांसारखे लांब गुलाबी पाय, काळे पंख, सुईसारखी चोच.

चिखलात पोटावर झोपल्याशिवाय त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवर कॅमेरा येत नाही. पहिले तीन दिवस शर्ट खराब करण्यापलीकडे काही जमलं नाही. चौथ्या दिवशी लक्षात आलं, बघायचं मादीकडे. ती मान पाण्याला समांतर ताणते आणि गोठल्यासारखी उभी राहते. नर शेजारी येऊन चोच पाण्यात बुडवतो, छातीची पिसं साफ करतो, तिच्या मागून पलीकडे जातो आणि पुन्हा तेच. हळूहळू वेग वाढतो, पाणी उडायला लागतं. मी बटण दाबूनच धरलं. मिलन संपलं, नर उतरला, आणि तेव्हाच कॅमेऱ्याचा बफर भरला! समोर त्यानं एक पंख तिच्या पाठीवर टाकला, दोघांच्या चोचींची फुली झाली आणि दोघं तशीच चार पावलं चालली. माझ्याकडे त्याचा एकही फोटो नाही.

तो फोटो आणखी पाच सकाळींनी मिळाला. आनंदाच्या भरात लोकेशनसकट टाकला. रोज लोकांचा डेटा सांभाळायचं काम करणारा माणूस मी, पण तेव्हा सुचलं नाही.

दोन-अडीच आठवड्यांनी रविवारी उशिरा गेलो, तर काठावर एक कार आणि चार बाइक. दोघं-तिघं थेट पाण्यात शिरलेले. शेकाटे डोक्यावर किक-किक ओरडत घिरट्या घालत होते. म्हणजे अंडी होती. उघड्या चिखलाच्या उंचवट्यावर, वर सावली नाही. एरवी हे पक्षी पोटाची पिसं भिजवून आणतात आणि अंडी गार ठेवतात. आता साडेनऊचं ऊन होतं.

मी ओरडून लोकांना बाहेर बोलावलं. त्यातला एक म्हणाला, "दादा, तुमचाच फोटो बघून आलो."

गाळपेऱ्यात टरबुजं लावलेले एक मामा बांधावर बसले होते. म्हणाले, "सकाळधरनं चालूय हे. मला वाटलं, तुझेच पाहुणे हायेत."

सगळे गेल्यावर आम्ही दोघं लांब बसून राहिलो. मी लेन्स बॅगेतून काढली नाही. बऱ्याच वेळानं मादी उतरली, पाण्यात पोट बुडवलं, उंचवट्यावर चढली, उभी राहिली. पुन्हा पाण्यात गेली.

"बसंल का?" मी विचारलं.

मामांनी उत्तर दिलं नाही. त्यांचं लक्ष तिच्याकडेच होतं.