कात्रणांचा हिशेब

भात पोटरीत आलं की मुळशीत जरा उसंत मिळते. तेव्हा आम्ही दोघं नवरा-बायको वर्षभराची कात्रणं काढून बसतो. यंदा १४ लेख छापून आले, मानधन आलं ९ लेखांचं. त्यातले ६ रमजान-ईदचे. शीरखुर्म्यावर लिहा म्हणून हमखास फोन येतो. आंबेमोहोरावर लिहा असं कुणी म्हणत नाही. जणू आमच्या घरी भात शिजतच नाही!

सगळ्यात जास्त मेहनत घेतली ती मुळशी सत्याग्रहावरच्या लेखासाठी. १६ एप्रिल १९२१, रामनवमीचा दिवस. टाटांच्या धरणाविरुद्ध इथले शेतकरी उभे राहिले. पुढे सेनापती बापट तुरुंगात गेले, तरी जमिनी बुडाल्याच आणि वीज मुंबईला गेली. एका संपादकांनी लेख परत केला. म्हणाले, ‘तुमच्या समाजाविषयी काही द्या.’ आता बुडालेली जमीन कोणत्या समाजाची? लेख दुसरीकडे छापून आला. धरणाकाठच्या एका आजोबांनी तो नातवाकडून वाचून घेतला आणि वडिलांकडून ऐकलेली शेतांची नावं आम्हाला एकेक करून सांगितली. ती वहीत उतरवली आहेत.

अम्मी विचारतात, ‘पैसे किती मिळाले?’ राहिलेल्या पाच मानधनांसाठी उद्या पुन्हा पत्रं टाकायची आहेत.