ठावठिकाणा

'ठावठिकाणा' हा जोडशब्द मराठीत बहुधा हरवलेल्या, परागंदा झालेल्या किंवा फरारी माणसासंबंधी येतो. जो घरचा, रोज संध्याकाळी परतणारा, त्याचा ठावठिकाणा कोणी विचारीत नसे. फार तर 'उशीर झाला?' एवढेच विचारले जाई. अभ्यागत प्राध्यापक म्हणून बंगळूरच्या शिवाजीनगरात राहू लागल्यावर हा शब्द आता घरच्या माणसांपर्यंत येऊन पोचल्याचे माझ्या ध्यानात आले.

शेजारच्या बिऱ्हाडात बेळगावकडील एक तरुण बाई राहतात. आम्ही दोघी एकदा रसेल मार्केटात फुले घेत असता त्यांचा फोन वाजला. "अहो, मार्केटातच आहे. नाही, एकटी नाही, शेजारच्या मॅडम आहेत." फोन माझ्या हाती आला, मी 'नमस्कार' म्हटले आणि साक्ष पुरी झाली.

"वीस मिनिटं ठिपका हलला नाही म्हणून विचारलं त्यांनी. काळजी असते हो."

"आणि ते कुठं आहेत, हे तुम्हांला दिसतं?"

"त्यांचं कशाला बघायचं?"

ती काळजी खोटी होती असे मी म्हणणार नाही. (पाळणे आणि पाळत हे शब्द एकाच कुळीचे आहेत.) रात्रपाळीहून परतणारी मुलगी घरी पोचेपर्यंत आईने तो ठिपका पाहावा, यात गैर काय? व्हॉट्सॲपवर आपले चालते ठिकाण कळवावयाचे तर १५ मिनिटे, १ तास किंवा ८ तास अशी मुदत निवडावी लागते; गूगलच्या नकाशात मात्र 'बंद करीपर्यंत' असाही एक पर्याय असतो. सारा प्रश्न मला या मुदतीत दिसतो. ठिपका बंद करणे हाच जेथे संशयाला पुरावा होतो, तेथे एकदा दिलेली संमती परत कशी घ्यावयाची?

पत्नीने कोठे असावे, हा वाद आपल्याकडे जुना आहे. वयाच्या अकराव्या वर्षी लग्न झालेल्या आणि पुढे नांदावयास नकार देणाऱ्या रखमाबाईंवर दादाजी भिकाजी यांनी १८८४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. पतीकडे जा, नाही तर सहा महिने तुरुंगवास भोगा, असा निर्णय न्या. फॅरन यांनी मार्च १८८७ मध्ये दिला, तेव्हा रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दर्शविली. नकार देण्यासाठी त्यांच्यासमोर निदान एक न्यायासन होते.

८ जुलै २०२४ रोजी फ्रँक विटस प्रकरणात न्या. अभय ओक (हे पूर्वी कर्नाटकाचे मुख्य न्यायमूर्ती होते) आणि न्या. उज्जल भुयान यांच्या सर्वोच्च न्यायालयातील पीठाने जामिनाची एक अट रद्द ठरविली. आरोपीने गूगल नकाशावरील आपले ठिकाण तपास अधिकाऱ्यास सतत दिसेल असे ठेवावे, ही ती अट. घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदाशी ती विसंगत ठरली. प्रकरण अमली पदार्थांचे होते. शेजारच्या बाईंनी असा अर्ज कोठे करावा, हे मला सांगता येत नाही. त्यांच्यावर तर आरोपही नाही.