'फेरिटी' : न माणसाळलेल्यांसाठीचा शब्द

'फेरिटी' हा इंग्रजीतील दुर्मीळ शब्द, अर्थ रानटीपणा. लॅटिन 'फेरितास'वरून तो आला. त्याचे मूळ 'फेरुस', म्हणजे न माणसाळलेला. 'सॅव्हेज' हा शब्द 'सिल्वा' म्हणजे रान यावरून निघाला, जसा आपला 'रानटी'. 'फेरुस'चे नाते मात्र रानाशी नाही, श्वापदाशी आहे.

इ.स.पू. ५७ मध्ये ज्युलियस सीझर गॉलमधील नर्व्ही जमातीशी लढला. आपल्या वृत्तांतात तो त्यांना 'फेरुस' म्हणतो आणि लगेच महापराक्रमीही. ते व्यापाऱ्यांना थारा देत नसत, मद्य आणू देत नसत, रोमला शरण गेलेल्या शेजाऱ्यांना दूषणे देत. त्यांच्याशी लढताना खुद्द सीझरला एका सैनिकाची ढाल घेऊन आघाडीवर धावावे लागले.

जेत्याच्या लेखी रानटी कोण? जो अजून नमलेला नाही, तो.