झिजण्याची सोय

जुनी मोटारसायकल घरी खोलायला घेतली की सगळ्यांत आधी हाताला लागते ती तिची झीज. स्प्रॉकेटचे दात एका अंगाने खाल्ले गेलेले असतात, ब्रेक ड्रमच्या आत गोल खाचा पडलेल्या असतात, हँडलच्या वाट्यांमध्ये छर्ऱ्यांनी बारीक खड्डे पाडलेले असतात आणि त्यामुळे हँडल सरळ आलं की किंचित अडकतं. भंडारा जिल्ह्यातल्या तुमसरसारख्या गावात चाललेल्या गाडीची झीज तर जवळजवळ वाचता येते. उन्हाळ्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणींकडून येणाऱ्या ट्रकांची काळपट धूळ, धानाच्या हंगामात राइस मिलभोवती उडणारा कोंडा, पावसाळ्यात बांधीतला चिकट चिखल हे सगळं तेल लावलेल्या चेनवर बसतं आणि तिथे पॉलिश पेपरचं काम करत राहतं. या झिजेकडे आपण नुकसान म्हणून बघतो. माझं म्हणणं वेगळं आहे. चांगल्या यंत्रात झीज कुठे व्हावी हे बनवणाऱ्याने आधीच ठरवलेलं असतं. गाडी घरी पूर्ण खोलून पुन्हा बांधण्याचा मोठा लाभ हाच की ती योजना आपल्याला उमगते आणि तिचा पुढचा हप्ता आपल्या हातून भरला जातो.

बुलेट 350 घ्या. इंग्लंडमधल्या रेडिचच्या एनफिल्ड कंपनीच्या सहकार्याने 1955 साली ही गाडी मद्रासमध्ये तयार होऊ लागली. मूळ इंग्रजी कंपनी 1970च्या सुमारास संपली, पण ओतीव लोखंडी सिलिंडरचं ते इंजिन आपल्याकडे त्यानंतरही जवळजवळ 40 वर्षं निघत राहिलं. 70 मिलिमीटरचा बोअर, 90 मिलिमीटरचा स्ट्रोक, 346 सीसी. त्याच्या जुन्या घडणीत कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाला एक सुटा बुश असे. तो रॉडमध्ये घट्ट बसवलेला नसे आणि क्रँकपिनवरही नसे. दोघांच्या मध्ये तेलावर तरंगत फिरे आणि दोघांच्या वाटची झीज स्वतःवर घेई. छोट्या टोकाला ब्राँझचा बुश, तोही मऊ, म्हणजे कठीण पिन वाचावी. पिस्टनच्या रिंगा स्वस्त, म्हणून आधी त्या बदलायच्या. पुढे सिलिंडरच मोठा झाला तर बोअर करून 20 थाऊ (इंचाचे हजारांश) मोठा पिस्टन टाकायचा, आणखी काही वर्षांनी 40 थाऊचा. म्हणजे सिलिंडरच्या भिंतीची जाडी ठरवतानाच एका गाडीच्या तीन आयुष्यांचा हिशेब झालेला होता. मागच्या आसाची लांबट खाच, पुशरॉडच्या बुडाशी असलेले आटे, क्लच केबलच्या टोकाचा स्क्रू ही सगळी त्याच हिशेबातली कलमं. गाडीत जिथे जिथे ॲडजस्टरचा आटा आहे, तिथे बनवणाऱ्याने लिहूनच दिलं आहे की इथे झीज होणार, आणि झाली की एवढं फिरवा.

ही झीज मोजायला महागडी हत्यारं लागत नाहीत, आणि माझ्या मते घरी गाडी बांधण्याच्या बाजूने हा सगळ्यांत मजबूत पुरावा आहे. हेड उतरवल्यावर सिलिंडरच्या वरच्या कडेच्या जरा खाली बोट फिरवलं की नखाला एक पायरी लागते. तिथे रिंगांचा प्रवास संपतो. त्या पायरीच्या लगेच खाली सिलिंडर सर्वाधिक झिजलेला असतो, कारण स्फोटाचा दाब रिंगेला भिंतीवर दाबतो आणि तेलाचा थरही नेमका तिथेच सगळ्यांत पातळ असतो. अगदी तळाशी, जिथे रिंग पोचतच नाही, तिथला व्यास मात्र जवळपास कारखान्यातून निघाला तसाच राहतो. आता एक रिंग तळाशी बसवायची, पिस्टनने हलकेच ढकलायची म्हणजे ती तिरकी राहत नाही, आणि तिच्या दोन टोकांमधली फट फीलर गेजने मोजायची. मग तीच रिंग वर त्या पायरीखाली नेऊन पुन्हा फट मोजायची. दोन फटींमधल्या फरकाला 3.14ने भागलं की व्यासातला फरक हातात येतो. फट 0.6 मिलिमीटरने वाढली असेल तर सिलिंडर जवळपास 0.2 मिलिमीटरने मोठा झालेला आहे आणि बोअरिंगला पाठवायला हवा. शाळेत शिकलेला वर्तुळाचा परीघ एका लोखंडी नळकांड्यात असा खरा होताना बघणं हा साधा आनंद नव्हे.

त्या लोखंडात तुमसरच्या मातीचाही वाटा असू शकतो. 1896 साली सुरू झालेल्या, मँगनीज काढणाऱ्या इंग्रजी कंपनीचा वारसा घेऊन 1962 साली मॉयल ही कंपनी उभी राहिली, आणि तिच्या डोंगरी बुजुर्ग व चिखला या दोन खाणी याच तालुक्यात आहेत. इथलं काही मँगनीज कोरड्या सेलसाठी जातं, बाकीचं भट्ट्यांकडे. ओतीव लोखंडात गंधक मोकळं राहिलं तर लोखंड ठिसूळ होतं; मँगनीज त्या गंधकाला बांधून ठेवतं. पोलादातही तेच काम, शिवाय बळकटी. रॉबर्ट हॅडफिल्ड याने 1882 साली भरपूर मँगनीज घालून असं पोलाद केलं की त्यावर जितके घाव बसतील तितका त्याचा पृष्ठभाग कठीण होत जातो. रूळ एकमेकांना ओलांडतात तिथे आणि दगड फोडणाऱ्या क्रशरच्या जबड्यांत ते वापरतात. मोटारसायकलमध्ये हे पोलाद नसतं, तरी इथे त्याची आठवण काढावीशी वाटते, कारण वापराने पदार्थ फक्त खालावतो ही आपली समजूत ते खोटी ठरवतं.

पण हे सगळं घरीच का करायचं? तरबेज मिस्त्री असताना अंगणात पोतं अंथरून बसण्याची हौस कशाला, हा आक्षेप रास्त आहे, आणि त्याचा अर्धा भाग मी मान्य करतो. क्रँक प्रेसवरच जुळवावा लागतो. बोअरिंग यंत्रावरच व्हावं. फ्रेमला तडा गेला असेल तर वेल्डिंग जाणत्यानेच करावं. जिथे राइस मिल आणि ट्रॅक्टर आहेत तिथे लेथवालाही असतो. अशा गावात राहण्याचा हा फायदा घ्यावा. जे काम आपलं नाही तिथे थांबणं हाही या विद्येचा भाग आहे. मात्र मिस्त्रीच्या दारात गाड्यांची रांग असते. शंका आली की पार्ट बदलून मोकळं होणं त्याला परवडतं. एका बुशपाशी आठ दिवस थांबणं परवडत नाही. घरी ते परवडतं. काय बदलायचं, काय फक्त फिरवून बसवायचं आणि काय आहे तसंच राहू द्यायचं हा निवाडा निवांतपणातच होतो. बुलेटचे टॅपेट लावताना इंजिन थंड हवं, पिस्टन कॉम्प्रेशनच्या माथ्यावर हवा, आणि पुशरॉड दोन बोटांत धरून सहज फिरला पाहिजे, पण खालीवर अजिबात हलता कामा नये. इतकंच माप. इग्निशनचं टायमिंग लावताना पॉइंटमध्ये सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद धरतात आणि तो हलकेच ओढत इंजिन फिरवतात. कागद सुटला त्या क्षणी पॉइंट उघडला, आणि तेव्हा पिस्टन माथ्याच्या सुमारे 0.8 मिलिमीटर खाली असायला हवा. असं मोजणारं बोट तयार व्हायला वेळ लागतो आणि तो वेळ विकत मिळत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा. आजच्या गाड्या मुळात कमी झिजतात. इलेक्ट्रॉनिक इग्निशनमध्ये घासायला पॉइंटच उरले नाहीत, 100 सीसीची साधी गाडी वर्षानुवर्षं इंजिन न उघडता चालते. हे खरं आहे आणि ते चांगलंच आहे. पॉइंट साफ करत बसण्यात काही पुण्य नाही. पण या सुधारणेबरोबर झिजण्याची सोय हळूहळू मालकाच्या नजरेआड गेली. अनेक नव्या सिलिंडरांच्या आत कठीण मुलामा असतो; तो गेला की बोअर करता येत नाही, अख्खा सिलिंडर बदलायचा. सील केलेलं युनिट बिघडलं की ते टाकून दुसरं आणायचं. पहिल्या मालकाला याची झळ लागत नाही. ती लागते तिसऱ्या मालकाला. सिहोरा, नाकाडोंगरीकडच्या खेड्यांत धानाचं बियाणं, खताची पोती, दुधाच्या कॅन वाहणारी गाडी बहुधा दुसऱ्या किंवा तिसऱ्या हातची असते, आणि यंत्र किती भलं आहे हे तिच्याकडे पाहून ठरवावं. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै 2022मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली तेव्हा शेतीची अवजारं आणि मोटारवाहनं ही दोन्ही क्षेत्रं तिच्या कक्षेत घेतली, ते योग्यच झालं. मॅन्युअल, पार्ट आणि हत्यार यांपैकी एक जरी अडवून धरलं, तरी तिसऱ्या मालकाची गाडी भंगारात जाते.

धुराचा प्रश्न मात्र टाळता येत नाही. 1 एप्रिल 2020पासून बीएस-6 हे धुराचं माप लागू आहे आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नसलेलं जुनं इंजिन त्या मापाच्या जवळपासही येत नाही. झिजलेल्या रिंगांमधून तेल वर चढून निळा धूर येत असेल, तर नीट बांधल्यावर तो थांबतो, मिक्स्चर जमलं की काळा धूरही थांबतो. पण पोलंडच्या एसएचएलवरून बेतलेल्या एस्कॉर्ट्सच्या 175 राजदूतसारख्या टू-स्ट्रोक गाडीचं काय? तिच्यात वॉल्व्हच नाहीत, सिलिंडरच्या भिंतीतल्या भोकांवरून पिस्टन सरकतो, आणि जळलेला वायू बाहेर ढकलताना ताज्या पेट्रोलचाही काही भाग सायलेन्सरमधून निसटतो. हा तिचा जन्मदोष. कितीही प्रेमाने बांधली तरी तो जाणार नाही. म्हणून अशी गाडी रोजच्या येण्याजाण्याला वापरू नये असंच मी म्हणेन. कधीमधी, थोडी चालवावी. कायद्याची बाजूही सांभाळावी. 15 वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण लागतं, इंजिन बदललं तर त्याची नोंद आरसी बुकात व्हावी लागते, आणि रंग खरवडण्याच्या भरात चेसिसवरचा नंबर घासला गेला तर भंडाऱ्याच्या आरटीओपुढे उत्तर देणं कठीण. रंगावरून आठवलं: टाकीपासून नटांपर्यंत सगळ्याला चकाकी चढवण्याची जी पद्धत आली आहे ती मला पटत नाही. बुटाने घासून उजळलेला गिअरचा खटका तसाच राहावा. त्याने कुठे अडत नाही.

गाडी बांधून झाली, तेलाच्या वासासह पहिल्यांदा सुरू झाली, म्हणजे काम संपलं असं नाही. नव्या बोअरच्या भिंतीवर होनिंगने मुद्दाम आडव्यातिडव्या बारीक रेघा पाडलेल्या असतात. त्यांत तेल टिकतं, आणि त्यांच्याच उंचवट्यांवर घासून नव्या रिंगा सिलिंडरशी जुळतात. म्हणजे आता झीज व्हायलाच हवी, फक्त बेताने. पहिले 500 किलोमीटर गाडीवर मागे कुणाला बसवू नये, एकाच वेगावर फार वेळ धरू नये, चढावर वरच्या गिअरमध्ये कण्हायला लावू नये. गोबरवाहीपर्यंत जाऊन परत यावं, इंजिन पूर्ण निवू द्यावं, हेडचे नट आणि टॅपेट पुन्हा तपासावेत. मग तेल गरम असतानाच काढून पांढऱ्या ताटलीत बघावं: पहिल्या तेलात बारीक चमकणारी भुकटी दिसेल, ती चालते, कणी हाताला लागली तर इंजिन पुन्हा खोलावं लागेल.