कंदिलाची काच

काल माळ्यावरच्या कंदिलाची तुटलेली कडी बसवून घेतली आणि फौजदारीतून निवृत्त झालेले, गेल्या वैशाखात निवर्तलेले माझे वडील अकस्मात नजरेसमोर उभे राहिले. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, तेव्हा ते प्राणहितेकाठी सिरोंच्याला होते. नाल्यांना पूर येऊन अहेरीकडची वाट बंद पडली, की याच कंदिलाच्या मिणमिणत्या प्रकाशात रोजनामचा पूर्ण करून त्याच लेखणीने ते आईला पत्र लिहीत. त्यात बंदोबस्ताचा वा पंचनाम्याचा अवाक्षराने उल्लेख नसे. असे ती आमच्या अभ्यासाची, तिच्या खोकल्याची आस्थेवाईक विचारपूस. त्या अरण्यात त्यांना भय वाटत असेल काय? मी कधी विचारले नाही. काच पुसली, तळाशी जमलेली काजळी मात्र तशीच राहू दिली.