शिंदीचें मडकें आणि माळ्यावरची बाटली

नांदेडहून गोदावरी ओलांडून आग्नेयेकडे निघालें म्हणजे कहाळा, कृष्णूर हीं गांवें मागें टाकून तास-सव्वा तासांत नायगांव येतें. पूर्वीं हें गांव बिलोली तालुक्यांत मोडत असे. आतां तें स्वतःच तालुक्याचें ठाणें आहे. पुढें नरसीच्या नाक्यावर वाटा फुटतात, एक देगलूरकडे व दुसरी बिलोलीकडे. दोन्ही अखेर तेलंगणाच्या सीमेस जाऊन मिळतात. त्यामुळें या बाजूच्या बाजारांत मराठीच्या शेजारीं तेलुगु शब्द सुखानें नांदतात. काळी जमीन, कापूस, तूर, सोयाबीन, आणि ओढ्याच्या कांठीं कोठें कोठें उभीं असलेलीं शिंदीचीं झाडें, असा हा मुलूख.

या झाडांचा इतिहास आमच्या बऱ्याच वाचकांस ठाऊक नसेल. निजामाच्या राज्यांत आबकारी हें उत्पन्नाचें एक मोठें साधन होतें, आणि त्याचा बराचसा भार शिंदी-ताडीवर होता. म्हणून १९४७ सालीं हैदराबाद मुक्तिसंग्रामांत मराठवाड्यांतील सत्याग्रहींनीं शिंदीचीं झाडें तोडण्याचा कार्यक्रम हातीं घेतला. कुऱ्हाड झाडावर पडे, पण घाव सरकारी तिजोरीवर बसे. पुढें सप्टेंबर १९४८ मध्यें संस्थान भारतांत आलें.

नायगांवीं आम्ही ज्या कुटुंबांत उतरलों, तेथें तीन पिढ्या एकत्र राहतात. जेवणें आटोपल्यावर घरच्या वडीलधाऱ्या आप्पांनीं एक निराळाच प्रश्न पुढें मांडला. पुतण्यानें बारा वर्षांपूर्वीं परदेशाहून येतांना व्हिस्कीची एक बाटली आणली होती. घरांत कोणीच घेत नसल्यामुळें ती पत्र्याखालच्या माळ्यावर तशीच पडून होती. "औषधाला असूं दे म्हणून ठेवलीय," आजी म्हणाल्या. थोरल्या सूनबाईंना धास्ती वाटत होती. "इतक्या वर्षांनीं तिचं विष झालं असेल तर? घरांत लेंकरं आहेत." आप्पा आम्हांस म्हणाले, "तुम्ही चार पुस्तकं वाचलेली माणसं. काय तें नीट सांगा."

याचें उत्तर ओढ्याकांठच्या शिंदीपासूनच सुरू होतें. झाडाला रात्रीं बांधलेल्या मडक्यांत गोड रस ठिबकतो. मडक्यास आंतून चुना लावून तो पहांटेस उतरविला, तर ती नीरा. ऊन चढूं लागलें कीं हवेंतील व मडक्यांतील किण्वजंतू साखर खाऊं लागतात, फेंस येतो आणि शेंकडा चार-पांच मद्यार्काची शिंदी तयार होते. आणखी एखादा दिवस गेला कीं दुसरे जंतू त्या मद्यार्काचें आम्ल करतात व तिची आंब होते. हें सारें सजीवांचें कार्य आहे, हें एकोणिसाव्या शतकांत पाश्चरनें सिद्ध केलें.

व्हिस्की हें ऊर्ध्वपातनानें काढलेलें मद्य. तिच्यांत शेंकडा ४० वा अधिक मद्यार्क असतो, आणि इतक्या तीव्र द्रवांत जंतू जगत नाहींत. म्हणून बंद बाटलीचें विष होत नाहीं, ती आंबतही नाहीं. नीट ठेवल्यास कित्येक दशकें टिकते. मात्र बाटलींत ती अधिक मुरते हा समज चुकीचा. मुरणें लांकडी पिंपांत होतें. स्कॉटलंडांत त्यासाठीं किमान तीन वर्षांचा कायदाच आहे. बारा वर्षांची व्हिस्की आणखी बारा वर्षें माळ्यावर राहिली, तरी ती बारा वर्षांचीच राहते.

तिचे शत्रु तीन: ऊन, उष्णता आणि हवा. मराठवाड्याच्या वैशाखांत पत्र्याखालचा माळा ही तिच्यासाठीं वाईट जागा. बाटली खोक्यांत घालून थंड, अंधाऱ्या कपाटांत ठेवावी. द्राक्षमद्याची बाटली आडवी ठेवतात. ही मात्र उभीच ठेवावी, कारण तीव्र मद्यार्क बुचाला कुरतडतो. एकदां उघडली कीं बाटलींत जितकी हवा अधिक, तितका स्वाद लवकर उतरतो. अर्धी उरली तर वर्ष-दोन वर्षांत, आणि तळाशीं थोडी उरली तर कांहीं महिन्यांतच. लहान बाटलींत काढून घेतल्यास ती अधिक टिकते. स्वाद गेला तरी तिचें विष होत नाहीं. सायीचीं मद्यें मात्र निराळीं. त्यांवरची मुदत पाळावी.

आजींच्या 'औषधा'विषयीं आम्ही स्पष्टच बोललों. मद्यानें त्वचेच्या रक्तवाहिन्या फुलतात, म्हणून ऊब आल्यासारखी वाटते. वस्तुतः शरीराची उष्णता बाहेर जाते. गारठलेल्या माणसास, आणि मुलांस तर थेंबभरही, ती देऊं नये. सूनबाईंची धास्ती त्या अर्थानें खरीच होती. बाटली न बिघडतांही लेंकरांना अपाय करूं शकते. शिवाय महाराष्ट्रांत मद्य बाळगण्यास व पिण्यास परवाना लागतो, हेंही घरांत माहीत असावें.

आप्पांनीं मग शिंदीविषयीं विचारलें, आणि खरी चिंता तेथेंच आहे. जी वस्तु दिवसभर टिकत नाहीं, ती झाडाखालींच खरी. मागणी झाडांहून वाढली कीं पाणी, साखर आणि गुंगीचीं रसायनें मिसळून शिंदी 'बनविली' जाते. तेलंगणांत क्लोरल हायड्रेट व अल्प्राझोलाम यांची भेसळ वारंवार सांपडली आहे. जुलै २०२५ मध्यें हैदराबादेच्या कुकटपल्ली भागांत अशा शिंदीनें माणसें दगावलीं. नित्य पिणाऱ्यास ती एकाएकीं न मिळाली, तर झटके येतात, भ्रम होतो. अशा माणसास घरीं कोंडून न ठेवतां दवाखान्यांत न्यावें.

माळ्यावरच्या बाटलीचा निकाल त्याच रात्रीं लागला. आप्पांनीं ती कुलपाच्या कपाटांत उभी ठेवविली, आणि पुतण्या दिवाळीस आला कीं त्याची त्याला परत द्यावी असें ठरलें. आजींनीं औषधाच्या डब्यांत तिच्या जागीं सुंठ ठेवली. मात्र शेतावरच्या गड्याचा मुलगा रोज संध्याकाळीं सीमेपलीकडे कोठें जातो, याची चौकशी करावयास आप्पा दुसऱ्या दिवशीं सकाळींच बाहेर पडले.