पेटीला बंद असलेले दार

१९४० साली ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमला आपल्या स्टुडिओचे दार बंद केले. पेटीत स्वर जागच्या जागी बांधलेले, त्यामुळे मींड निघत नाही, श्रुती सापडत नाहीत, हा आक्षेप. शास्त्र म्हणून तो खोटा नव्हता. पण ज्या मुलखात नाट्यपदे पेटीच्या आधाराने घराघरांत रुजली, तिथे तो जिव्हारी लागला. पेटीवादक गोविंदराव टेंबे १९५५ मध्ये गेले. तेव्हाही दार बंदच होते. हा अन्याय होता, आणि तो तीन दशके टिकला. १९७१ मध्ये संगतीपुरती सूट मिळाली.

टेंबे गेले त्याच वर्षी, रामनवमीला, आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून गीतरामायण सुरू झाले. केंद्राला तेव्हा दोन वर्षेही झाली नव्हती. ग. दि. माडगूळकरांनी लिहायचे, सुधीर फडक्यांनी चाल बांधायची, आणि आठवडा उलटला की पुढचे गीत तयार. अशी ५६ गीते झाली. जाहिरातीच्या हिशेबावर चालणाऱ्या कुठल्याही संस्थेला एवढा धीर धरवला नसता. पेटीला नाकारणाऱ्या घरातच हे घडले, म्हणून आकाशवाणीवरचा मराठी राग कधी निखळ राहिला नाही.

माहिती व प्रसारण खाते तेव्हा बाळकृष्ण विश्वनाथ केसकरांकडे होते. त्यांनी चित्रपटगीतांना आवर घातला आणि श्रोता रेडिओ सिलोनकडे गेला. १९५७ मध्ये विविध भारती काढून त्याला परत बोलवावे लागले. शनिवारी रात्री देशभर रागसंगीत पोहोचवणारा अखिल भारतीय कार्यक्रमही त्याच केसकरांच्या काळातला.

अभिरुचीचा हट्ट एक वेळ सोसता येतो, सरकारची री ओढणे सोसवत नाही. आणीबाणीत सरकारच्या रोषामुळे आकाशवाणीवर किशोरकुमारची गाणी वाजायची बंद झाली. १९९७ मध्ये स्वायत्ततेसाठी प्रसार भारती आली, पण पैशाची दोरी सरकारच्याच हाती राहिली. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा नाही. त्यामुळे रेडिओवर बातमी म्हणजे आकाशवाणीचीच, आणि तिच्या निःपक्षपणाची जबाबदारीही तेवढीच मोठी.

२०२३ च्या जूनमध्ये पुण्याचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून छत्रपती संभाजीनगरला नेण्याचा आदेश निघाला. सकाळी सात दहाच्या बातमीपत्रावर घड्याळ लावणाऱ्या शहराने विरोध केला आणि आदेश स्थगित झाला.